सहावी शर्यत आणि पावाचा गर

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या ऑल्डरसाइक गावच्या महापौर श्रीमती रुखसाना डार, माझ्या उजव्या हाताला बसलेल्या ग्रंथपाल बाई, हेरन्स समर्थक मंडळाचे आजी आणि माजी पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती श्री. नॉरिस टॅटरसॉल, पहिल्या रांगेत टोपी न काढता बसलेले आमचे माजी स्वार श्री. आल्बर्ट रशवर्थ, आणि केवळ चहासाठी आला असलात तरी तितक्याच आदरास पात्र असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आधी एक खुलासा करते. निरोपाचं भाषण या बाईकडे कसं काय, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यांवर मला इथून स्वच्छ दिसतोय. रास्त आहे. या गावात नॉरिस टॅटरसॉल यांच्याशी माझ्याइतकं भांडलेलं दुसरं माणूस नाही. बाहेरून कोणी मोठा वक्ता आणावा, असं मीच मंडळाच्या बैठकीत सुचवलं होतं. तर सत्कारमूर्ती म्हणाले, "विनी हेगलाच बोलू दे. ती गोड बोलणार नाही, पण खरं बोलेल." आणि नंतर जिन्यात मला गाठून त्यांनी बजावलं की सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. म्हणून मी उभी आहे. काही जणांना आज जे ऐकायला मिळेल ते आवडणार नाही. पण ऐकून घ्या, शेवट चांगला आहे.

महापौरबाईंनी मघाशी मला हळूच विचारलं, की हा तुमचा खेळ असतो तरी काय? बाई, तुमचा दोष नाही. तुमचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी आपल्या हेरन्स संघाचं मैदान बंद पडलं. चार स्वार, ब्रेक नसलेल्या चार मोटारसायकली, राखेचा लंबगोल मार्ग आणि चार फेऱ्या. वळण आलं की गाडी आडवी घालायची, डावा पाय जमिनीला घासत ठेवायचा आणि बाकीचं देवावर सोडायचं. सव्वा मिनिटात कारभार आटोपतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, आणि चौथ्याला तोंडभर राख. एका सामन्यात अशा चौदा शर्यती.

आणि प्रेक्षक काय करायचे? नुसते ओरडायचे? छे. प्रेक्षक लिहायचे. दारात शर्यतीची पत्रिका मिळायची, तिच्यात चौदा चौकटी छापलेल्या असायच्या. प्रत्येक चौकटीत चार नावं, त्यांच्या शिरस्त्राणांचे रंग, आणि पुढे कोरी जागा. शर्यत संपली की सगळं मैदान एकदम खाली मान घालायचं. पाच हजार माणसं पेन्सिलीनं आकडे भरताहेत, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं की इथे परीक्षा चालू आहे.

आता पत्रिका जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एका पंथाला भरलेली पत्रिका हवी असते, आकडे, चहाचे डाग, कुणाचा तरी राग, सगळं तिच्यात असलेली. त्या पंथातली मी. दुसऱ्या पंथाला पत्रिका कोरी हवी. जणू छापखान्यातून थेट त्यांच्याच हातात पडली. आणि खरं सांगायचं तर जाणकारांत मान त्याच पंथाला आहे. कोऱ्या पत्रिका दुर्मिळ, त्यांच्यासाठी लिलावघरं पत्रं पाठवतात. त्या पंथाचे आमच्या भागातले महंत म्हणजे नॉरिस टॅटरसॉल.

आता मी त्यांना अहो-जाहो करणं सोडते. पन्नास वर्षांची सवय आहे, जीभ वळत नाही.

नॉरिस म्हणायचा, "विनी, तुझ्या पत्रिका मासे गुंडाळायच्या लायकीच्या गं." मी म्हणायचे, "आणि तुझ्या म्हणजे लग्नात मिळालेल्या कपबश्या. कपाटात ठेवल्यास, कोणी चहा प्यायलंय का त्यातून?" असं आमचं चालायचं. एकदा चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत एकाच पत्रिकेची दोन टोकं आम्ही दोघांनी धरली. सोडायला कोणी तयार नाही. शेवटी पाद्रीबुवांनी नाणं उडवलं आणि मी जिंकले. नॉरिस पाच मिनिटं तोंड पाडून उभा होता. मग त्यानं माझी जड पिशवी उचलली आणि बसथांब्यापर्यंत आणून दिली. मनानं माणूस असा आहे, हे पुढचं ऐकताना ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इतक्या वर्षांत मंडळाच्या चहाला नॉरिसनं कधी सँडविच घेतलेलं तुम्ही पाहिलंय? मांस भरलेले पॅटिस दोन-दोन घेतो, केकला नाही म्हणत नाही, पण पांढरा पाव पुढे आला की ताट बाजूला सारतो. मी शाळेच्या स्वयंपाकघरात छत्तीस वर्षं काढली, कोण काय टाकतं ते माझ्या नजरेतून सुटत नाही. आम्ही समजायचो, याचं पोट नाजूक आहे.

आता मुद्द्यावर येते. ग्रेव्हल लेनच्या आपल्या मैदानावरचा शेवटचा सामना, एकोणीसशे एक्कावन्न सालचा, सप्टेंबरातला शेवटचा शनिवार. मी नऊ वर्षांची, वडिलांबरोबर दुसऱ्या वळणावर उभी होते. पाच शर्यती झाल्या, मी पाचही चौकटी भरल्या, आणि पाऊस असा कोसळला की वडिलांनी माझी पत्रिका स्वतःच्या बंडीत खुपसली, मला काखोटीला मारलं आणि बसकडे धावले. मागे राहिलेल्यांनी आपापल्या पत्रिका डोक्यावर धरल्या. म्हणून तर त्या सामन्याच्या पत्रिका आज मिळत नाहीत, सगळ्यांचा तिथल्या तिथे लगदा झाला. सहावी शर्यत तशाच चिखलात झाली, मग पंचांनी सामना रद्द केला. रद्द म्हणून गुण धरले नाहीत. आपल्या साप्ताहिकात दोन ओळी आल्या, सहा शर्यतींनंतर खेळ थांबवला, बस्स. हिवाळ्यात मैदानाला कुलूप लागलं.

त्या पत्रिकेच्या दोनच प्रती गावात उरल्या. एक माझी, पाच चौकटी भरलेली. दुसरी नॉरिसची, संपूर्ण कोरी, डाग नाही, घडी नाही. ती पाहायला पोलंडहून एक गृहस्थ आले होते आणि त्यांनी हात लावण्याआधी ते धुऊन घेतले होते. नॉरिसला त्या पत्रिकेचं वेड असायला कारण होतं. चार हंगामांत त्याचा एकच सामना चुकला, तो हा. चौदा वर्षांचा होता आणि गालगुंड होऊन अंथरुणात पडला होता.

आणि आता आल्बी. आल्बी, मान वर कर जरा, लोकांना दिसू दे. आल्बी रशवर्थ आपला राखीव स्वार होता. म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात मोडला की याला गाडीवर बसवायचे. एक्केचाळीस शर्यती धावला. मैदान बंद झाल्यावर पुन्हा गाडीवर बसला नाही, लोकांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत राहिला. आणि आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिला, की त्या शेवटच्या शनिवारी सहावी शर्यत मी जिंकलो.

कोणी विश्वास ठेवला नाही. निम्मे प्रेक्षक छपराखाली पळाले होते, उरलेल्यांना चिखलात कुणाचा रंग कुठला ते दिसलं नव्हतं. आल्बी जिंकला तेव्हा बघायला फक्त पाऊस होता, असा एक विनोद गावात चालायचा. तुम्ही सगळे हसला आहात त्याच्यावर. तो विनोद मी काढला होता. हे मला आज इथे उभं राहून सांगायला बरं वाटत नाही, म्हणूनच सांगतेय.

अठ्ठ्याऐंशी साली नॉरिसनं हेरन्सच्या चार हंगामांचा इतिहास लिहायला घेतला. प्रत्येक स्वाराची नोंद, अगदी कसोशीनं. तेव्हा आल्बी याच सभागृहात त्याच्याकडे आला. मी चहा ओतत होते, मी ऐकलं. आल्बी म्हणाला, "तुझ्याकडे त्या दिवसाची पत्रिका आहे ना? बघ ना बाबा एकदा." नॉरिसनं ती काढली, पुढे धरली. सहावी चौकट कोरी. म्हणाला, "नोंद नाही, आल्बी. नोंद नसेल तर मी छापू शकत नाही." आल्बी "बरं" म्हणाला, टोपी डोक्यावर ठेवली आणि दाराबाहेर पडला. पुस्तकात छापून आलं, ए. रशवर्थ, शर्यती एक्केचाळीस, विजय शून्य. त्यानंतर तेवीस वर्षं हा माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहूनही मंडळात फिरकला नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी नॉरिस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. ॲडलेडला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं होतं, संग्रहाची आवराआवर चालू होती. मी हॅमचं सँडविच पुढे ठेवलं, त्यानं नेहमीप्रमाणे ताट सारलं. म्हटलं, "आता तरी सांग, पावाशी तुझं काय वैर आहे?" तो म्हणाला, "सांगायलाच आलोय. फक्त हसू नकोस."

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती पत्रिका त्याला अडुसष्ट साली एका विधवा बाईंच्या खणातून मिळाली होती. आणि मिळाली तेव्हा ती भरलेली होती. सहाच्या सहा चौकटी, पेन्सिलीनं. नॉरिस तेव्हा तिशीतला, कोऱ्या पंथात नुकताच शिरलेला. त्या पंथात एक युक्ती कानोकानी सांगत. ताज्या पांढऱ्या पावाचा गर घ्यायचा, मळून त्याची गोळी करायची आणि कागदावर हलक्या हातानं फिरवायची. पेन्सिल निघून जाते, ओरखडा उठत नाही. नॉरिसनं अर्धा पाव संपवला. काय पुसतोय हे वाचलंसुद्धा नाही, पुढचा कोपरा शुभ्र होतोय याच आनंदात होता. वीस वर्षांनी आल्बी समोर उभा राहिला तेव्हा आपण काय पुसलं असेल ते नॉरिसच्या ध्यानात आलं. "मी पुसलंय" एवढं बोलायचं होतं. पण ती पत्रिका तोवर प्रदर्शनांत मिरवली होती, मासिकात तिचा फोटो आला होता. तो म्हणाला "नोंद नाही." आणि त्या दिवसापासून पाव घशाखाली उतरेना.

मी त्याला काय म्हणाले ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. महापौरबाई बसल्या आहेत. त्याला घराबाहेर काढायचंही माझ्या मनात आलं. यानं एका माणसाची आयुष्यभराची एकुलती एक गोष्ट पुसली आणि वर त्यालाच सांगितलं की लिहिलेलं नाही! पण मग मला माझा विनोद आठवला आणि मी जरा खाली बसले.

खाली बसल्यावर डोकं चालायला लागलं. आमच्या शाळेची मुख्य स्वयंपाकीण सामानाची यादी लिहायची आणि वरचा कागद फाडून न्यायची. उद्या काय शिजणार हे आम्ही बायका कसं ओळखायचो? खालचा कोरा कागद खिडकीशी तिरका धरायचो. पेन्सिल दाबून लिहिलं असेल तर कागदावर खाच राहते. पाव पेन्सिल खाईल, खाच नाही. म्हटलं, "नॉरिस, काढ ती तुझी सुंदरी बाहेर."

सकाळचं ऊन मोरीवरून आडवं येत होतं. मी ती तिरकी धरली. ज्यानं ती भरली होती त्या भल्या माणसाला देव सुखी ठेवो, तो लिहीत नव्हता, कोरत होता. पहिली चौकट दिसली. माझी पत्रिका शेजारी ठेवून ताडून पाहिलं. पहिली ते पाचवी, आकडा न् आकडा जुळला. म्हणजे माणूस भरवशाचा. मग सहावी. नॉरिस बघेना, म्हणाला तू वाच. मी वाचलं. ए. रशवर्थ, तीन. पुढे वेळ, सत्त्याहत्तर सेकंद आणि दोन पंचमांश. आणि समासात, खूप दाबून, दोन शब्द. "आल्बी, अखेर!"

मंडळी, त्या अनोळखी माणसानं भर पावसात उभं राहून ते लिहिलं होतं. नॉरिस माझ्या मोरीला टेकून रडला, आणि मीही रडले, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आम्ही तसेच उठून आल्बीच्या शेडमध्ये गेलो. तो एका यंत्राचं पातं घासत होता. नॉरिसनं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, काही न लपवता. आल्बीनं हात पुसून पत्रिका घेतली, दारापाशी नेली, वर धरली, खाली धरली. पण त्र्याऐंशी वर्षांचे डोळे, त्यातल्या एकात मोतीबिंदू. तो म्हणाला, "मला काही दिसत नाही रे. मला कोरंच दिसतंय." आणि परत द्यायला हात पुढे केला.

एवढ्यावर भागवता आलं असतं. भिंग आणता आलं असतं, चांगल्या दिव्याखाली फोटो काढता आला असता, आणि जगातली एकुलती एक कोरी प्रत कोरी राहिली असती. मी तसं म्हणालेसुद्धा. जमवणाऱ्याचा जीव आहे, चाळीस वर्षं तिच्यावर डोळा होता माझा. नॉरिसनं माझ्याकडे पाहिलंही नाही. आल्बीच्या बाकावर सुताराची जाड पेन्सिल पडली होती, ती त्यानं उचलली. पत्रिका पातं घासायच्या लाकडावर ठेवली. आणि खाचांवरून, एकेक आकडा, पुन्हा भरला. पहिल्या चौकटीपासून. सहावीपाशी आला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तीनचा आकडा एवढा मोठा काळाभोर झाला होता, आणि समासातले दोन शब्दही.

आल्बीनं बराच वेळ वाचलं. मग काय म्हणाला असेल? आभार? शिवी? म्हणाला, "वेळ किती लागला होता?" नॉरिसनं वाचून दाखवलं. आल्बी म्हणाला, "सुटताना मागचं चाक घसरलं नसतं तर शहात्तर." आणि मग म्हणाला, "बसा. चहा टाकतो."

नॉरिसनं पुस्तकाच्या उरलेल्या सगळ्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी स्वतःच्या हातानं डकवली आहे. ए. रशवर्थ, विजय एक. चूक कशी झाली तेही चिठ्ठीत छापलंय, पावासकट. ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांनी दाराशी चिठ्ठी मागून घ्यावी. आपल्यातल्या एका आकडेबाज सदस्यानं मला परवा ऐकवलं की रद्द सामन्याचे गुण धरत नाहीत, नियम आहे. असू दे. गुण धरू नका. पण शर्यत झाली होती आणि ती कुणीतरी जिंकली होती, एवढं तरी कबूल कराल की नाही?

संग्रह आजपासून नगर ग्रंथालयाचा झाला. ग्रंथपाल बाईंनी काचेचं कपाट करून घेतलंय. फक्त ती एक पत्रिका त्यात नाही. ती आल्बीच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. मी रागावले, तर म्हणतो, "तिथं मला रोज दिसते."

आणि आता ज्या बातमीसाठी तुम्ही इतका वेळ कळ काढलीत ती. जुन्या खाणीच्या जागेवर शर्यतीचा नवा मार्ग तयार होतोय हे तुम्हाला ठाऊक आहे. परवानगीच्या कागदावर महापौरबाईंनी काल सही केली. इस्टरनंतरच्या पहिल्या शनिवारी हेरन्स साठ वर्षांनी पुन्हा धावणार. नाही, टाळ्या नंतर वाजवा, माझा ओघ तुटतो. पहिल्या शर्यतीला स्वारांना अडवून धरणारी सुरुवातीची फीत आल्बी रशवर्थ सोडणार आहेत. टोपी घालूनच सोडणार, असं त्यांचं म्हणणं आहे.

नॉरिस, तू तेव्हा इथे नसशील, याचं मला वाईट वाटतं. भांडायला माणूस उरणार नाही म्हणून नव्हे. तुझा सामना पुन्हा एकदा चुकणार म्हणून. पण या खेपेला गालगुंडाचं निमित्त चालणार नाही. प्रत्येक सामन्यानंतरच्या सोमवारी ॲडलेडला टपालानं एक पत्रिका निघेल. मी दुसऱ्या वळणावर उभी राहून भरलेली, चौदाच्या चौदा चौकटी, आणि समासात मला वाटेल ते. कोरी मागू नकोस, मिळणार नाही. मी दाबून लिहिते.

मंडळाच्या वतीनं जे घड्याळ द्यायचं ते महापौरबाई देतीलच. अध्यक्षांनी मला वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, स्वयंपाकघरातल्या बायकांनी पहाटेपासून खपून टेबल भरलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला टोचलं असेल, तर पदरात घ्या. आल्बी, त्या विनोदाची माफी तुझ्याकडे वेगळी मागते, सगळ्यांसमोर.

आता चहाला चला. पण जरा थांबा, कोणी टेबलाला हात लावू नका. पहिलं ताट नॉरिसचं. हॅमचं आहे, पांढऱ्या पावातलं, सकाळी मी स्वतः कापलंय. घे रे. आल्बीच तुला वाढतोय.